पहिलं रीडिंग

"मशिनीत नगं. तुमच्या ॲसिडात घाला," असं म्हणून हौसाबाई मगदूमांनी स्टीलची किटली माझ्या टेबलावर ठेवली आणि पदराने घाम पुसत त्या स्टुलावर बसल्या.

मी तेव्हा तालुक्याच्या दूध संघात प्रयोगशाळेची इनचार्ज होते. हौसाबाई नांगरवाडीच्या महिला दूध संस्थेच्या चेअरमन होत्या. साठीच्या आतबाहेरचं वय, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि संघाच्या प्रत्येक शिपायाला नावाने हाक मारण्याची सवय.

"कुणाचं दूध आहे?" मी विचारलं.

"माज्या म्हशीचं. सकाळी पिळलं आन् तसंच घिऊन यष्टीत बसलो. कंडक्टर म्हणतोय, मावशी, किटली सजवून कुणाच्या लग्नाला? म्हटलं, म्हशीच्या. तिकीट फाड."

"केंद्रावर किती फॅट लागली?"

"सहा चार. दोन म्हैनं झालं, सहा चारच्या वर पाय ठेवंना. आदी सहा सहा लागायची. म्हैस तीच, पेंड तीच, धार काढणारी मीबी तीच. बदललंय काय, तर तुमचा कॉम्प्युटर."

दोन महिन्यांपूर्वी संघाने पुण्याच्या एका कंपनीकडून नवी संगणक प्रणाली घेतली होती. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध तपासणारं यंत्र संगणकाला जोडलं होतं. यंत्र फॅट मोजायचं, वायरीतून आकडा संगणकात जायचा, आणि फॅटनुसार दर लावलेली पावती बाहेर यायची. त्या वेळी वीस केंद्रांवर ही प्रणाली चालू होती. वार्षिक सभेनंतर ती उरलेल्या सत्तर केंद्रांवर बसणार होती.

मी काचेच्या नळीत ॲसिड घेतलं, त्यावर हलक्या हाताने दूध सोडलं, अल्कोहोल घातलं, बूच लावलं आणि नळी हलवली. नळी तापते, आतलं दूध चॉकलेटी होतं, मग ती फिरवायच्या यंत्रात ठेवायची. हौसाबाई हे सगळं देवघरात बसल्यासारख्या बघत होत्या. शेवटी मी नळी उजेडाकडे धरली. वर आलेल्या पिवळ्या फॅटची रेघ सहा पूर्णांक सहावर होती.

"बगा!" त्या उठल्याच. "आता म्हैस खोटी का मशीन खोटं?"

"एका नमुन्यावरून सांगता येणार नाही."

"तुमी शिकल्याली माणसं. व्हय म्हणायलाबी तुमाला धा बाटल्या लागत्यात."

"तीन तरी लागतात," मी म्हणाले.

पुढच्या रविवारी मी नांगरवाडीला गेले. सकाळी सातला केंद्रासमोर बायकांची रांग होती. आत दुधाचा आणि फिनेलचा वास. तपासणीचं यंत्र एका पत्र्याच्या पेटीत बंद होतं. फक्त दूध ओढणारी नळी बाहेर. पेटीवर कंपनीचं स्टिकर.

"पेटी कशाला?" मी विचारलं.

"पाणी उडू नये म्हणून, मॅडम," केंद्र चालवणारी लता म्हणाली.

"पण यंत्राला स्वतःची पट्टी असते. तिच्यावर आकडा दिसतो."

"असंल की. आमाला कुठं दिसतोय?"

हौसाबाईंनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला. मी म्हटलं, "कंपनीचं सील आहे."

"संस्था आमची, मशीन आमचं, दूध आमचं. सील तेवढं कंपनीचं. काढा."

पेटी उघडली. लताने हौसाबाईंच्याच दुधात नळी बुडवली. यंत्राच्या पट्टीवर हिरव्या अक्षरात सहा पूर्णांक सहा उमटलं. संगणकाच्या पडद्यावर सहा पूर्णांक चार.

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. एक म्हणाली, "अगं बाई, वायरीत गळतंय व्हय!"

त्या हसल्या, पण मी दुसरंच काही बघत होते. यंत्राने एकाच भांड्यातून तीनदा दूध ओढलं होतं.

"तीनदा का घेतं हे?"

"काय की," लता म्हणाली. "पैल्यापासून तसंच. पैलं घेतंय ते धरतच न्हाई. मागच्या दोनाची सरासरी काढतंय. लई वेळ खातंय, रांग खोळंबते."

मी खुर्चीवर बसले. ही खोड माझ्या ओळखीची होती.

दहा वर्षांपूर्वी, कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. करताना, आमच्याकडे एक जुनं यंत्र होतं. त्याचा पंप खराब होता. नळीत आधीच्या नमुन्याचं दूध राहायचं, त्यामुळे नव्या नमुन्याचं पहिलं रीडिंग नेहमी भेसळीचं यायचं. नवा पंप मिळेना, म्हणून मी यंत्राचा आकडा संगणकात घेणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. त्यात एक नियम ठेवला: पहिलं रीडिंग सोडून द्यायचं, पुढची दोन जुळली तरच धरायची. हा इलाज त्या एका बिघडलेल्या यंत्राचा होता. नवी यंत्रं दर वेळी स्वतःला धुतात. त्यांना हे करण्याचं काहीही कारण नाही. जगात दुसऱ्या कुणालाही ते सुचण्याचं कारण नाही.

तो प्रोग्राम मी इंटरनेटवर ठेवला होता, खुल्या परवान्यावर. कुणीही घ्यावा, बदलावा, विकावासुद्धा. अट एकच: ज्याला द्याल, त्याला तुम्ही केलेल्या बदलांसकट पूर्ण प्रोग्राम वाचता येईल असा द्यायचा.

हे मी हौसाबाईंना केंद्राबाहेर एका बैलगाडीच्या चाकाशेजारी उभं राहून समजावून सांगितलं.

"म्हंजे इरजणासारखं," त्या म्हणाल्या. "शेजारणीनं मागितलं की चमचाभर द्यायचं. आन् तिनं फुडं कुणाला न्हाई म्हणायचं न्हाई."

"तसंच."

"आन् ह्या बाबानं तुमचं इरजण नेलं, दही लावलं, आन् भांड्याला कुलूप घातलं."

त्यानंतरचे चार रविवार मी अकरा गावं फिरले. प्रत्येक गावात तीन नमुने, एक भाग केंद्रावर, एक भाग ॲसिडात. यंत्र बिघडलं असेल तर आकडे इकडेतिकडे जातात, कधी वर, कधी खाली. चुकीला पसारा असतो. याला नव्हता. तेहतीसच्या तेहतीस वेळा संगणक बरोबर शून्य दशांश दोनने कमी दाखवत होता. आमच्याकडच्या भाषेत दोन पॉइंट.

हे तक्ते, माझा मूळ प्रोग्राम आणि परवान्याची अट मी इंटरनेटवरच्या माझ्या पानावर ठेवली. कंपनीला पत्र लिहिलं की बदललेला प्रोग्राम उघडा करा. चौथ्या दिवशी पान उघडायला गेले तर पान नव्हतं. तिथे दोन ओळी होत्या: तक्रारीवरून हा मजकूर काढण्यात आला आहे.

त्याच दुपारी मला संघाच्या चेअरमनच्या केबिनमध्ये बोलावणं आलं.

चेअरमन दत्ताजीराव इंगवले खुर्चीत मागे रेलून बसले होते. बाजूला जनरल मॅनेजर शिरगुप्पे, आणि समोर गळ्यात ओळखपत्र घातलेला एक पंचविशीतला इंजिनिअर. कंपनीने पाठवलेला निनाद पेठकर.

"या मॅडम, बसा. चहा घ्या," इंगवले म्हणाले. "तुम्ही आमच्या लेकीसारख्या. घरातलं भांडण रस्त्यावर कशाला नेलंत?"

"मी आकडे ठेवले होते, साहेब. भांडण नव्हतं."

"आकड्यांनीच भांडणं होतात हो," शिरगुप्पे म्हणाले.

मी निनादकडे वळले. "एक विचारू? तुमचा प्रोग्राम पहिलं रीडिंग का टाकून देतो?"

तो गोंधळला. "ते... सुरुवातीपासूनच आहे, मॅडम. कशासाठी आहे ते कुणालाच माहीत नाही. काढलं तर काहीतरी बिघडेल म्हणून कुणी हात लावत नाही."

"ते मी लिहिलंय. कशासाठी ते मला माहीत आहे."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला त्याची दया आली, पण मी थांबले नाही.

"आणि दोन पॉइंट वजा कुणी लिहिलं?"

त्याने शिरगुप्प्यांकडे पाहिलं. "ते क्लायंट सेटिंग आहे," तो हळूच म्हणाला.

क्लायंट म्हणजे संघ. म्हणजे ही केबिन.

"वाहतुकीत घट येते," इंगवले शांतपणे म्हणाले. "ती कुठंतरी धरावी लागते. तुम्ही ॲसिडच्या बाटल्या सांभाळा, संघ आम्ही सांभाळतो. आता कामाचं. वीस तारखेला सर्वसाधारण सभा आहे. विषय क्रमांक सात, संगणक प्रणाली. तिला प्रयोगशाळेचा दाखला लागतो, तुमच्या सहीचा. तो झाला की सगळ्या नव्वद केंद्रांवर प्रणाली."

"आणि नाही दिला तर?"

"चिलिंग सेंटरला एक जागा रिकामी आहे," शिरगुप्पे म्हणाले. "तिथं लॅब नाही, नेट नाही. निवांत आहे. मजकूर आम्ही टाईप करून देतो, तुम्ही फक्त सही ठोका."

मी कप खाली ठेवला. "दाखला प्रयोगशाळेचा असेल तर मजकूर प्रयोगशाळाच लिहील. आमच्या नमुन्यात. नमुने, पद्धत, निरीक्षण, शिफारस."

इंगवले हसले. "लिहा की! तुमची भाषा तुम्ही लिहा. मंगळवारी सभेचा वार्षिक अहवाल प्रेसला जातोय, दाखला त्यातच छापायचाय. त्याच्या आत पाहिजे."

मंगळवारी सकाळी मी दाखला घेऊन शिरगुप्प्यांच्या टेबलापाशी गेले. तो कागद मी घडी घालून दिला नाही, पाकिटात घालून दिला नाही. त्यांच्यासमोर सरळ पसरून ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी वरची ओळ पाहिली, 'प्रमाणित करण्यात येते की'. मग नजर खाली शिक्क्यावर गेली, तिथून सहीवर.

"तारीख?"

"आहे."

"जावक नंबर?"

"आहे."

"वाचून घेता का, साहेब?" मी विचारलं.

"तुमच्या अक्षराला काय वाचायचं? मोत्याचं अक्षर," ते म्हणाले आणि त्यांनी कागद प्रेसच्या फाईलमध्ये घातला.

दोन दिवसांनी हौसाबाई आल्या. या वेळी किटली नव्हती. त्या स्टुलावर बसल्या नाहीत.

"सई केलीसा म्हणं."

"केली."

"शिक्काबी मारलासा?"

"मारला."

"आमी अकरा गावात तुमची बाटली डोक्यावर घिऊन नाचलो," त्या म्हणाल्या. "लता तर म्हणायली, मॅडमच्या पायाचं तीर्थ घ्यावं. बरं झालं घेतलं न्हाई. ॲसिडच निघालं असतं."

मला ते लागलं. उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. पण अहवाल अजून प्रेसमध्ये होता, आणि एक फोन गेला असता तर ते पान निघालं असतं, जसं इंटरनेटवरचं निघालं.

"तुमच्या संस्थेला अहवाल येईल," मी म्हणाले. "तो वाचा, हौसाबाई."

"अहवाल कुणी वाचतंय? त्येच्यावर भाजी निवडतोय आमी."

"या वर्षी वाचा. सभेच्या आधी. पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग पदर खोचून निघून गेल्या.

सभा मंगल कार्यालयात होती, सकाळी अकराला. प्रत्येक प्रतिनिधीला बुंदी, चिवडा आणि एक स्टीलचा डबा. पुढच्या चार रांगांत इंगवल्यांची माणसं. आमच्याकडे सभेची एक रीत आहे, तुम्ही कुठल्याही संस्थेच्या सभेला गेलात तर ऐकली असेल. सचिव विषय वाचायला लागतो आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या रांगा ओरडतात, 'मंजूर! मंजूर!' मागचे लोक त्यात आपला आवाज मिसळतात. अठरा विषय पंचवीस मिनिटांत संपतात आणि बुंदी गरम राहते.

मी कर्मचाऱ्यांसाठी ठेवलेल्या बाजूच्या खुर्च्यांवर बसले होते. माझ्या शेजारी निनाद. त्याच्या मांडीवर अहवाल होता, न उघडलेला. मी त्याला म्हणाले, "पान सत्तावीस बघा." त्याने पाहिलं. मग त्याने अहवाल मिटला आणि दोन्ही हात त्यावर ठेवून तो समोर बघत राहिला.

"विषय क्रमांक सात," सचिवांनी वाचलं. "संगणक प्रणालीबाबत पान सत्तावीसवरील प्रयोगशाळेचा दाखला कायम करणे व त्यातील शिफारशींना..."

"मंजूर! मंजूर!"

"विषय क्रमांक आठ..."

"थांबा की वाईच."

मधल्या रांगेत हौसाबाई उभ्या होत्या. हातात अहवाल, नाकावर चष्मा.

"आक्का, विषय मंजूर झालाय. खाली बसा," इंगवले माईकमध्ये म्हणाले.

"मंजूर झालाय म्हणूनच हुबी हाय. काय मंजूर केलं ते वाचून दावतो सभेला."

"वेळ नाही, आक्का..."

"तुमीबी चेअरमन, मीबी चेअरमन. चेअरमनला चेअरमननं बोलू द्यावं."

मागून हशा आला. हौसाबाईंनी चष्मा सरळ केला आणि शाळेतल्यासारखं एकेक शब्द सुटा करत वाचायला सुरुवात केली.

"प्रमाणित करण्यात येते की, सदर संगणक प्रणाली यंत्राने मोजलेल्या फॅटमधून प्रत्येक वेळी शून्य दशांश दोन वजा करते. हा यंत्राचा दोष नसून प्रणालीत मुद्दाम घातलेली सूचना आहे. सदर प्रणाली खुल्या परवान्याच्या प्रोग्रामवर उभी असल्याने तिचा पूर्ण प्रोग्राम प्रत्येक दूध संस्थेला वाचण्यासाठी मिळणे बंधनकारक आहे. शिफारस: तो मिळेपर्यंत ही प्रणाली वापरू नये व यंत्रावरील पेट्या काढून टाकाव्यात."

त्यांनी मान वर केली. "खाली सई. शिक्का. जावक नंबरबी हाय."

सभागृहात पानं उलटण्याचा आवाज सुरू झाला. दीड हजार प्रती छापल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या उघडल्या जात होत्या.

शिरगुप्पे उठून उभे राहिले होते, आणि आपण का उठलो हे विसरल्यासारखे तसेच उभे होते.

"छपाईची चूक आहे!" इंगवल्यांचा आवाज चढला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मॅडम, इकडे या. सांगा सभेला, छपाईची चूक आहे."

माईकपर्यंत बारा पावलं होती. ती चालताना मला चिलिंग सेंटरचा रस्ता दिसत होता, बसथांब्यापासून पुढचे तीन किलोमीटर. माझ्या हातात अहवालाची प्रत होती. मी पान सत्तावीस पुन्हा एकदा नीट तपासलं.

"हो, छपाईची चूक आहे," मी म्हणाले.

इंगवल्यांनी श्वास सोडला.

"नमुने तेवीस छापले आहेत. ते तेहतीस होते. बाकी सगळं बरोबर आहे."

मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी वाजवली. लता असावी.

"तुमी इंटरनेटवरलं काढलंसा," हौसाबाई ओरडून म्हणाल्या, "आता ह्ये घराघरातनं काढा बगू! माज्या घरात डाळीच्या डब्याखाली ठेवलंय एक."

इंगवले जुने कार्यकर्ते होते. त्यांनी पुढच्या चार रांगांकडे पाहिलं आणि माईक दोन्ही हातांनी धरला. "सभासदांचा गैरसमज झालाय. विषय सात पुन्हा घेतो. पान सत्तावीसवरचा दाखला. मंजूर की नामंजूर?"

त्यांची सगळी भिस्त त्या चार रांगांवर होती. पण पुढच्या रांगेतल्यांच्याही गोठ्यात म्हशी होत्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग हातातल्या पानाकडे, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. शब्द मागून आला, बायकांच्या बाजूने, आणि खुर्च्यांवरून पुढे सरकत मंचापर्यंत पोचला.

"मंजूर!"

"आवाजावर नाही!" इंगवले म्हणाले. "हात वर करा. मोजा, शिरगुप्पे."

हात वर झाले. शिरगुप्पे मोजायला लागले आणि साठपर्यंत मोजून थांबले; हात अजून कितीतरी उरले होते.

बदलीचा कागद चौथ्या दिवशी आला. महिन्याभरात कंपनीने प्रत्येक संस्थेला प्रोग्रामची सीडी पाठवली. सोबतच्या पत्रावर निनादची सही होती. पत्र्याच्या पेट्या कुणी पेंड ठेवायला नेल्या, कुणी कोंबड्यांना. माझं पान मी इंटरनेटवर दुसऱ्या ठिकाणी पुन्हा चढवलं, आणि सोबत अहवालातला छापील दाखलाही, तेवीसचे तेहतीस करून. चिलिंग सेंटरला मी तीन वर्षं काढली. तिथे खरोखरच निवांत होतं, आणि दर आठवड्याला हौसाबाईंचं ताक यायचं, किटलीत, यष्टीच्या कंडक्टरबरोबर.

प्रयोगशाळेची नोंदवही मात्र मागे ठेवून जावी लागली. माझ्या जागी आलेल्या माणसाने तिचं शेवटचं पान वाचलं की नाही, मला माहीत नाही. सभेच्या दिवशी दुपारी मी त्यावर नेहमीच्या पद्धतीने नोंद केली होती. विषय सात, तीन रीडिंग. पहिलं, वाक्य संपायच्या आत आलेलं, नळीत आधीचं उरलेलं असतं तसं. ते सोडून दिलं. दुसरं आवाजाने, तिसरं हातांनी.

पुढची दोन जुळली.